द्रौपदीबाईंच्या नावावरचे शेअर

धाकट्या कुसुमचं लग्न झालं, त्याच वर्षी सरकारनं अठरा वर्षांच्या पोरांना मताचा हक्क दिला. नवे जावई म्हणाले, आता कोणीही निवडून येणार, बाजार कोसळणार, गिरणीचे शेअर आजच विका. विक्रीचा फॉर्म ठेवून ते गेले. पण द्रौपदीबाईंचा हात सहीला उठत नाही. शेअर त्यांच्या नावावर आहेत. अक्षरओळख उशिरा झाली, तेव्हा छापील कागदावर आपलं नाव त्यांनी पहिल्यांदा तिथंच वाचलं होतं. फॉर्म छातीशी धरून त्या दुपारच्या आडव्या होतात, डोळा लागतो न लागतो,

तोच रेशनच्या रांगेत पुढे त्यांचे यजमान, सीताराम घाग. मेल्यावरही टोपी तिरकीच. रांग सरकते ती थेट शेअरबाजारात, जिथं ते एका दलाल शेठकडे शिपाई होते. सगळे ओरडताहेत, आणि द्रौपदीबाईंच्या हातात रॉकेलचा डबा.

"विकून टाक," ते म्हणतात. "पहिल्या निवडणुकीला सगळ्यांना मत मिळालं, तेव्हा आमच्या शेठनं घाबरून सगळं विकलं."

"मग बाजार पडला?"

"चढला. शेठनं तेच शेअर महागात परत घेतले."

"आणि मला विकायला सांगता?"

"शेठ शिकलेला माणूस होता गं."

बाजाराची आता शाळा झालीय, शाळेत मतदान. मास्तर यादी चाळतात. द्रौपदीबाई सापडत नाहीत. सापडतील कशा? त्या वेळी यादीवाला दारी आला, तर बायकोचं नाव परक्याला कसं सांगायचं म्हणून यजमानांनी 'आमची मंडळी' एवढंच लिहवलं. बिननावाच्या बायका यादीतून गळल्या, त्यांत मंडळीही गळली.

"अहो, माझं पहिलं मत तुम्ही घालवलंत," त्या म्हणतात. "शेअर नाही घालवू देणार."

सीताराम टोपी सरळ करतात. "त्या चुकीपायीच तर तुझ्या नावावर घेतले."

"मग विका कशाला म्हणता?"

"जावयाचा मान राखायला नको?"

थोडा वेळ ते तंबाखू मळत बसतात. मग फॉर्म ओढून घेतात आणि सहीच्या जागी चुन्याचा अंगठा दाबतात. "घे. झाला बाद."

द्रौपदीबाई जाग्या होतात. नळाला पाणी आलंय. फॉर्म छातीवरच आहे, आणि सहीच्या जागी पांढरा, अजून ओला अंगठा. घरात तंबाखू खाणारा एकच माणूस होता, सीताराम घाग, आणि तो एकोणीसशे एकाहत्तरच्या श्रावणात वारला.