दंडातली काडी

माझ्या डाव्या दंडात, कातडीखाली, आगकाडीएवढी एक लवचिक काडी आहे. ती आहे तोवर दिवस राहत नाहीत. नाशिकच्या दवाखान्यात ती बसवून घेताना मी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, "काढायची कोणाच्या परवानगीनं?" डॉक्टरीणबाई वैतागून म्हणाल्या, "तुमच्याच हो!" त्यांना माझं दिंडोरीचं सासर माहीत नव्हतं.

एक मुलगी झाली होती, दुसरं आम्हा दोघांना इतक्यात नको होतं. हे नवऱ्याला ठाऊक होतं, बाकी कुणाला नाही. बिंग फुटलं ते धाकट्या दिराच्या हळदीत. सासूबाई माझ्या दंडाला हळद चोळता चोळता थांबल्या. "हे काय गं हाताला लागतंय?" झालं! मांडवातली प्रत्येक बाई येऊन, बाजारात वांगी दाबून बघावीत तसा माझा दंड दाबून बघायला लागली. एकीनं ठासून सांगितलं, ही सरकारची चिप, बाई कुठं जाते ते कळतं. दुसरीनं विचारलं, "मंग मोबाईल हरवला तर घावंल का?" शेवटी चिडून मी खरं काय ते सांगून टाकलं.

थोरले चुलत सासरे, म्हणजे सासूबाईंचे थोरले दीर, खाटेवर बसून कान देऊन ऐकत होते. घरात त्यांचा शब्द शेवटचा. द्राक्षाचे घड औषधात बुडवण्यात आणि वेलीवर किती माल धरायचा हे ठरवण्यात त्यांचा जन्म गेलेला. ते ओरडणार म्हणून मी अंग चोरलं, तर स्वारी खूश! "म्हंजे पायजे तवा बंद, पायजे तवा चालू? लय भारी! छाटणीच्या आधी समद्या मजूर बायांना बसवू, एकीची बी बाळंतपणाची सुट्टी नाय. अन् हिची काढून टाका. बागेचा माल निघाला, की नातू धरू."

मी नवऱ्याकडं बघितलं. तो मांडवाच्या खांबाला फुलं बांधण्यात एकाएकी फारच गुंग झाला.

आमच्याकडची रीत अशी, की भावजय थोरल्या दिराशी थेट बोलत नाही. दोघं हातभर अंतरावर असले तरी निरोप तिसऱ्यानं न्यायचा. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि मला म्हणाल्या, "त्यांना सांग, दंड सुनेचा हाय."

"दंड माझा आहे म्हणतात," मी सांगितलं.

"तिला सांग, घर माझं हाय."

"घर त्यांचं आहे म्हणतात." माझ्याच दंडाच्या भांडणात मी पोस्टमन झाले होते. हसू आणि रडू एकदमच येत होतं.

"त्यांना इचार, धाकट्याच्या बाळंतपणात मला तांबी बसवली, ती कुणाला इचारून?"

मी विचारलं. "तिला सांग, डॉक्टरनं मला इचारलं, मी हो म्हणलो. दोन पोरं झाली व्हती, बास. तिच्याच भल्यासाठी."

मी निरोप द्यायला वळले, तर सासूबाईंनी पदर मागं सारला होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदाच त्या दिराच्या तोंडाकडं सरळ बघत होत्या.

"भाऊ, मला कुणी सांगितलंच नाय. मला पोरगी पायजे व्हती. धा वर्सं मी उपास करीत बसले."

सवयीनं थोरल्यांनी माझ्याकडं बघितलं. पण आता मी कुणाचाच निरोप नेणार नव्हते.