वरवंट्याचं बारसं

रिहे गावात भिकूच्या घरी बारसं होतं. त्याची बहीण धोंडाबाई, म्हणजे बाळाची आत्या, सासरहून, महाळुंग्याहून, निघाली ती तोंड फुगवूनच. आईचा, सारजाबाईचा, सांगावा आधीच आला होता: पोरीचं नाव उकिरडी ठेवायचं. भिकूची पहिली दोन लेकरं मातीआड झाली होती ना! नाव वंगाळ असलं की यम ढुंकून बघत नाही, असं म्हातारीचं म्हणणं.

त्याला पुरावा खुद्द धोंडाबाईच. तिच्या आधीची चार गेली, ही जगली, तिच्यामागून भिकूही. पण पोरं तिला बघितलं की "ठेच लागली गं बाय!" म्हणून एका पायावर नाचायची, ते कुणी सोसलं? लग्नात सासरची माणसं नाव बदलतात, म्हणून तिनं मनात एक नाव जपून ठेवलं होतं. तर नवरा, बाजी, म्हणाला, "हाय ते झ्याक हाय." झ्याक म्हणे! हळदीच्या अंगानं ती मांडवामागं जाऊन रडली होती.

पाळण्याभोवती बायका जमल्या. रीतीप्रमाणं आधी वरवंट्याला न्हाऊ घालून, कुंची चढवून पाळण्याखालून फिरवायचं, मग बाळाला. बाळंतीण सुंदरानं हळूच नणंदेचा पदर धरला. डोळे भरले होते, मान नाही नाही म्हणत होती.

"ठेव गं नाव," सारजाबाई म्हणाली.

"ठेवते की!" धोंडाबाईनं वरवंट्याला तोंड लावलं आणि घर दणाणेल अशी ओरडली, "कुर्रर्र! उकिरडी! ये रं यमा, न्यायची तर हिला ने!"

बायकांची हसून मुरकुंडी वळली. मग तिनं बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि म्हणाली, "शेवंता."

"अगं सटवे, पोरीला काय झालं म्हंजी?" म्हणत म्हातारीनं बाळावर पदर धरला. चार लेकरं पुरलेल्या त्या बाईकडं बघून धोंडाबाईचा राग विरघळला. आपलं नावही या भीतीनंच ठेवलेलं, मायेपोटी.

"आये, यमाला वंगाळ दिलंया. हिचं ऱ्हाऊ दे चांगलं."

शेवंता जगली. शाळेत जायला लागली. सारजाबाई चटणी वाटताना वरवंट्याला म्हणायची, "उकिरडे, तुझी लई कृपा."

एकदा माहेरी आलेल्या लेकीला ती म्हणाली, "मला तवा हे सुचलं न्हाई गं. तुझ्या मनात कंचं नाव व्हतं?"

धोंडाबाईनं अंगणात लंगडी घालणाऱ्या पोरीकडं बोट केलं. "ते काय, खेळतंय न्हवं!"