अमरावती ते अकोला: आडवी सायकल आणि दोन कॅमेरे

बडनेरा स्टेशनवर मालडब्यातून माझी सायकल उतरवताना हमालाने ती दोनदा उलटसुलट फिरवून पाहिली आणि सहानुभूतीने विचारलं, "साहेब, रस्त्यात मोडली का पयलेपासूनच अशी हाये?"

पहिल्यापासूनच अशी होती. ही झोपून चालवायची सायकल. आरामखुर्चीत रेलल्यासारखं बसायचं, पाय समोर ताणायचे आणि चाकापुढे आलेल्या दांड्यावरचे पॅडल मारायचे. पुण्यात हिला रिकंबंट म्हणतात. म्हणजे आम्ही चौघे म्हणतो, बाकीचे हसतात. अमरावती ते अकोला या शर्यतीत आडव्या सायकलींचा वेगळा गट आहे, हे कळताच मी नाव नोंदवलं होतं.

नियम कडक होते. दिवसाही पुढेमागे दिवे चालू हवेत. पुढचा कॅमेरा स्वाराकडे, मागचा रस्त्याकडे, दोन्ही अखंड सुरू. वाटेत बाहेरच्या माणसाकडून दुरुस्ती करून घेतली, तर बाद. मी इंजिनिअर आहे. दिवे आणि कॅमेरे बसवायला मी चार महिने घेतले. कोन मोजले, आकृत्या काढल्या, परदेशी ब्रॅकेट मागवले. त्या काळात सायकल मात्र फारशी चालवली नाही.

आदल्या संध्याकाळी अमरावतीत गिला वडा खाल्ला (दह्याचटणीत बुडवलेला वडा, नावावर जाऊ नये). तिथेच माझ्या गटातली एकमेव प्रतिस्पर्धी भेटली. वंदनाताई, तेल्हाऱ्याच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका. पाठ दुखते म्हणून त्यांनी गावातल्या फिटरकडून जुन्या दोन सायकली जोडून आडवी सायकल करून घेतली होती. कॅमेरे म्हणून दोन मोबाईल, सायकलच्या ट्यूबने आवळलेले. पुढे शेतातली टॉर्च, सुतळीने बांधलेली.

"हलणार नाही का हे?" मी काळजीच्या सुरात विचारलं. काळजी नव्हती, आनंद होता.

"हललं तं पुन्हा बांधू न, सर," त्या म्हणाल्या.

सकाळी सहाला निघालो. दुतर्फा पऱ्हाटी (कपाशी), मधूनच तुरीचे पट्टे, आणि सपाट, सरळ रस्ता. पडल्या पडल्या आभाळ दिसत होतं. बैलगाड्या थांबत होत्या. एक आजोबा मोटरसायकलवरून बराच वेळ बाजूने चालले आणि शेवटी म्हणाले, "तब्येत बरी नाई तं घरीच झोपाचं न, बावा!" समोरून येणारे ट्रकवाले मात्र मला पाहून विनाकारण बाजूला वळत होते. त्यांना माझ्या तयारीचा आदर वाटतो, असं मी समजलो.

मूर्तिजापूरच्या अलीकडे पुलाचं काम चालू होतं. खडीवरून चाक उडालं, कट्ट असा आवाज झाला आणि माझा परदेशी ब्रॅकेट तुटला. कॅमेरा आणि दिवा दोन्ही वायरवर लोंबकळत पॅडलमध्ये अडकले. मी सायकलसकट आडवा झालो. म्हणजे आणखी आडवा.

समोरच वेल्डिंगचं दुकान होतं. फवारणीचे पंप, डवरे (कोळपणीची अवजारं), एक तुटकी खाट. दुकानाचे मालक सलीमभाई चष्मा कपाळावर सरकवून बाहेर आले. मी उठायच्या आत त्यांनी सायकल उचलून कडुनिंबाला टेकवली आणि ब्रॅकेटचा तुकडा हातात घेतला.

"हे प्लास्टिक कावून लावलं?"

"प्लास्टिक नाही, कार्बन फायबर."

"मंग फायबर कावून तुटलं?"

मला नियम आठवत होता. पण तो सायकलच्या दुरुस्तीबद्दल असणार, ब्रॅकेट म्हणजे काही सायकल नव्हे, असा युक्तिवाद मी मनात तयार केला. सलीमभाईंनी तोवर पंपाची लोखंडी पट्टी कापायला घेतली होती.

"भाऊ, एक सांगू? तुमचा दिवा पायामांगं हाये. पाय फिरला का दिवा झाकते, मंग दिसते. समोरच्याले वाटते, इंडिकेटर देऊन तुमी वळून राहिले."

चार महिन्यांच्या आकृत्यांत मी पाय काढायला विसरलो होतो.

त्यांनी पट्टी वाकवून दिवा पॅडलच्या पुढे नेला, पट्टीखाली रबराची गादी दिली. "नाई तं सारी थरथर कॅमेऱ्यात जाते," म्हणाले. मग चहा आला. ते काम करता करता आपल्या लेकीविषयी बोलत राहिले. ती अकोल्याला नर्सिंग शिकत होती आणि त्यांना फोनवरून रोज गोळ्यांची आठवण करून देत होती. तेवढ्यात वंदनाताई समोरून गेल्या. वेग कमी करून त्यांनी विचारलं, "काही पायजे का, सर?" मी नको म्हणालो.

नवा ब्रॅकेट हलला नाही. ट्रकही वळेनासे झाले. बोरगाव मंजूच्या पुढे मी वंदनाताईंना गाठलं आणि अकोल्यात त्यांच्या दहा मिनिटं आधी पोचलो.

मांडवात संयोजक सर, एक निवृत्त चित्रकला शिक्षक, आमचं चित्रण तपासत बसले होते. माझा मागचा कॅमेरा त्यांनी लावला. झाडाला टेकवलेल्या सायकलच्या नेमकं मागे दुकान होतं. सलीमभाई, ठिणग्या, चहा, सगळं स्वच्छ दिसत होतं. माझं चित्रण अप्रतिम होतं.

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. "पुण्याहून आले तुमी. ढालीवर नावही टाकलं आमी. तेवढा तुकडा काढून टाका न. कोण पायते?"

खरं सांगतो, मी बटणावर बोट ठेवलं होतं. चार महिने, पुण्यातले मित्र, ढाल. पडद्यावर सलीमभाई लेकीच्या फोनबद्दल सांगून हसत होते. ते पुसलं असतं, तर तो माणूस मला भेटलाच नव्हता असं मीच सांगितल्यासारखं झालं असतं. मी बोट काढलं.

"राहू द्या सर. दुरुस्ती करून घेतली मी."

सर खट्टू झाले. त्यांना ढालीवरचं नाव खोडावं लागणार होतं. वंदनाताई मागेच उभ्या होत्या. मी अभिनंदन केलं, तेव्हा त्या अगदी सहज म्हणाल्या, "मी तं पायलं होतं तुमाले दुकानावर. म्हटलं, पाहू, सांगते का."

"आणि सांगितलं नसतं तर?"

"तं मी बी काही म्हटलं नसतं. पण तुमच्यासंगं चहा घेतला नसता."

चहा घेतला. सोबत शेगावची कचोरी होती, तीही त्यांनीच आणलेली.

परतीच्या गाडीत वेळ होता म्हणून सगळं चित्रण पळवत पाहिलं. पुढच्या कॅमेऱ्यात पाच तास माझे गुडघे, आणि त्यांच्यामागे स्वतःवर खूश असलेला माझा चेहरा. मागच्यात पाच तास डांबर. फक्त मध्ये वीसेक मिनिटं एक माणूस लोखंड वाकवत, बोलत, हसत होता. भुसावळ येईपर्यंत मी तेवढा तुकडा ठेवून बाकीचं पुसून टाकलं.