उंच गड्याची गोफण

ऐंशीच्या दशकातल्या एका संक्रांतीला माझा काका केनियाहून तामसीजवळच्या आमच्या गावी आला, तो चित्रं दाखवायचं यंत्र घेऊनच. तिकडे तो शाळेत मास्तर होता. शेती सोडून गेला म्हणून आजोबा त्याच्याशी कामापुरतंच बोलत. काकाला त्यांची शाबासकी हवी होती, मागायची हिंमत नव्हती. ‘पोरांना चित्रं दाखवतो’ म्हणत तो चक्क ताकाला जाऊन भांडं लपवत होता.

तिन्हीसांजेला अंगणात आजोबांचंच धोतर ताणून पडदा केला. त्यावर एक पक्षी उमटला. आमच्या हरभऱ्यात हिवाळ्यात उतरणाऱ्या करकोच्यांचा भाऊबंदच, पण डोक्यावर सोनेरी काड्यांचा तुरा, नवा खराटा उभा धरावा तसा. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या.

हे पक्षी मक्याचे कोवळे कोंब उपटतात, म्हणून तिकडचे काही शेतकरी दाण्यांना विष लावत, काका सांगू लागला. पक्षी कमी होत चालले, तेव्हा गावकऱ्यांनीच ते बंद केलं. पाणथळीतली घरटी राखायला पाळ्या लावल्या. आणि शेतातून पाखरं नुसती हुसकावता यावीत म्हणून काकानं त्यांना गोफणी वळून दिल्या.

“काऊन रे, इतक्या दूर जाऊन पाखरंच हाकलत होता का?” आजोबा म्हणाले.

सगळे हसले. काकाचं तोंड एवढंसं झालं. मला आजोबांचा भारी राग आला.

पुढच्या चित्रात एक ताडमाड शेतकरी गोफण फिरवत होता. आजोबा उठून पडद्यापाशी गेले.

“गोटा घालतेत का ढेकूळ?”

“ढेकूळच. तुमी शिकवलं तसं. पाखरू मरू नये म्हून.”

आजोबांनी पडद्यावरच्या गोफणीवर बोट ठेवलं. मग डाफरले, “येवढ्या उंच गड्याले इतकी आखूड गोफण? काही अक्कल?”

सकाळी ते ओसरीवर अंबाडीचे धागे घेऊन बसले. दोर वळायला दुसरं टोक धरणारं कुणी लागतं. एरवी ते मला हाक मारत, आज काकाला मारली. मला जराही वाईट वाटलं नाही.

“किती उंच हाये तो गडी?”

काकानं डोक्याच्या वर हात नेऊन दाखवला. आजोबांनी दोर आणखी वीतभर लांबवला.

“पुढच्या खेपेले सांगजो,” ते खाली मान घालून म्हणाले, “तुरेवाल्यायची पिल्लं जगली का.”

काकाच्या हातून दोर सुटला. आजोबा ओरडले नाहीत. त्यांनी टोक उचलून पुन्हा त्याच्या हातात दिलं.