चेअरमनसाहेबांचा चेंडू

"औट हाय," म्हणत आमचे टेनिसचे सर डावा हात बाजूला ताठ धरायचे आणि समोरच्यानं मान्य करेपर्यंत खाली घ्यायचे नाहीत. समोर आमच्या सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन असले तरी! तुम्ही अशा कारखान्यात नोकरी केली असेल, तर तुम्हालाही ठाऊक असेल, चेअरमनचा चेंडू कधी रेषेबाहेर पडत नसतो.

सर मूळचे नांदूरघाटकडचे. टेनिसवर पोट भरलेला, परदेशात स्पर्धा खेळून आलेला माणूस. गुडघा गेला, खेळ सुटला, तेव्हा चेअरमननी त्यांना क्रीडा अधिकारी म्हणून आणलं. पाहुणे आले की बाजारात बैल दाखवावा तसं त्यांना दाखवायचे. मला तेव्हाही संताप यायचा, आजही येतो.

सरांना त्याचं काही नव्हतं. गेस्ट हाऊसमागं त्यांनी स्वतः माती चाळून, रोलर ओढून कोर्ट केलं होतं. रोज पाणी शिंपडायचं, नाहीतर माती उडून जाते. खेळातलं त्यांच्याकडं तेवढंच उरलं होतं. कुणी चपला घालून आत आलं की ओरडायचे, "कावून बे, देवळात जातो का असा?"

मग दुष्काळ पडला. कॉलनीला दिवसाआड एक टँकर यायचा आणि तो आधी कुठं जायचा? कोर्टावर! साहेबांना संध्याकाळी खेळायचं असे. कुंपणाबाहेर बाया घागरी घेऊन ताटकळायच्या आणि आत पाइपनं माती भिजायची. म्हणे सहकार! कसला डोंबलाचा सहकार?

एका दुपारी सर टँकरपुढं उभे राहिले. "कोर्टाला पानी न्हाई. आदी घागरी भरा."

ड्रायव्हर घाबरला. "सायेब लई चिडतील, सर."

"चिडू दे."

मी म्हणालो, "सर, कोर्ट जाईल. पुन्हा असं व्हायचं नाही."

"जाऊ दे," ते म्हणाले. आणि त्यांनी स्वतः पाइप घागरींकडं वळवला.

पुढं आठवडाभर कोर्टाला थेंब मिळाला नाही. चेअरमन हट्टानं खेळायला आले. पावलागणिक धुरळा उठत होता. त्यांचा चेंडू रेषेपलीकडं हातभर लांब पडला. सरांचा हात बाजूला गेला. "औट हाय."

"जरा बघून बोला."

"बगूनच बोलतो. औट म्हंजी औट."

कुंपणाबाहेरच्या बाया खुदकन हसल्या. चेअरमन रॅकेट टाकून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सरांची नोकरी गेली. एक बॅग आणि दोन रॅकेटी घेऊन ते गावाकडं गेले आणि वर्षाच्या आतच वारले. कारखान्यानं शोकसभासुद्धा घेतली नाही. त्या नालायकांना तेवढंही सुचलं नाही.

मातीच्या जागी सिमेंटचं कोर्ट झालं. उद्घाटनाला चेअरमननी पहिला चेंडू मारला. तो रेषेपलीकडं थेट मागच्या कुंपणावर जाऊन आदळला. संचालकांनी टाळ्या वाजवल्या.

"औट हाय!" कुंपणाबाहेरून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. कॉलनीतली एक बाई कमरेवर घागर घेऊन उभी होती. मोकळा हात तिनं बाजूला ताठ धरला होता. चेअरमन बघत राहिले, तरी तिनं तो खाली घेतला नाही.