टाकीचं कुलूप

नोकरीत किती तपास केले आणि किती विसरलो, पण ही घटना काही केल्या मनातून जात नाही. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कचेऱ्यांवरच्या पाट्या नव्या, आतली टेबलं-खुर्च्या मात्र कुठून कुठून आणलेल्या. त्यात दुष्काळ. सकाळी हजेरी झाली की आमचे निम्मे शिपाई पाण्याच्या टँकरच्या बंदोबस्ताला जात आणि उरलेल्यांवर ठाणं चाले. अहमदपूरच्या बाजूच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो.

एके दिवशी गावातले एक आडत व्यापारी फिर्याद घेऊन आले. त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. शेठ परमिटच्या कामाने लातूरला, नव्या कलेक्टर कचेरीत गेलेले. सुईणीने हात टेकले, तेव्हा आईने मुलीला घरच्या मोटारीत घालून नांदेडचा दवाखाना गाठायचं ठरवलं. वाटेत गाडी पुन्हा पुन्हा बंद पडली. पोचायला फार उशीर झाला. मुलगी वाचली, बाळ गेलं.

ड्रायव्हर पेट्रोल काढून विकतो, असा शेठना संशय होता. म्हणून थोड्याच दिवसांपूर्वी त्यांनी पेट्रोलच्या टाकीला कुलपाचं नवं झाकण बसवलं होतं. चावी त्यांच्या खिशात.

"त्या कुलपाचा राग धरला त्यानं, साहेब," ते म्हणाले. "मुद्दाम गाडी बंद पाडली. माझा नातू घेतला!"

पाठोपाठ एक खबर आली. कंधार फाट्याजवळच्या हॉटेलवाल्याने गाडी उभी पाहिली होती. तो सांगू लागला, "बाया गाडीत रडत व्हत्या, अन् ह्यो गडी त्यांना सोडून शेताकडं चालला व्हता." हेतू मिळाला, साक्षीदार मिळाला. पोलिसाला आणखी काय लागतं?

ड्रायव्हरला ठाण्यात आणून बसवलं. पन्नाशीचा, शेठकडेच केस पिकलेले. ती मुलगी लहानपणापासून त्याला मामा म्हणायची.

"शेताकडे कशाला गेला होतास?"

"बैलगाडी मिळती का बघाया, साहेब. मोटारीचा भरवसा ऱ्हायला नव्हता."

"बंद पडलेली गाडी पुन्हा चालू कशी झाली?"

"तेच तं कळंना. चालता चालता दम सोडायची. जरा थांबलं की चालू व्हायची. थोडं गेलं की पुन्हा तेच."

"पेट्रोल बघितलंस?"

"कसं बघू? चावी शेठकडं."

हे सगळं मी उलटसुलट विचारलं. उत्तर बदललं नाही. खोटं बोलणारा माणूस गोष्ट कशी गुळगुळीत करून आणतो. याच्या गोष्टीला ना शेंडा ना बुडखा, आणि म्हणूनच तो खोटं बोलत नसावा असं मला वाटू लागलं.

लातूरहून मोटारींचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या मुसलमान मिस्त्रींना बोलावलं. पंचांसमक्ष तपासणी झाली. शेठनी स्वतः कुलूप काढून टाकीतलं पेट्रोल दाखवलं. मिस्त्रींनी प्लग, पॉइंट, कार्बोरेटर, पंप सगळं खोलून पाहिलं. दोष नाही. गावाभोवती चकरा मारल्या. गाडी एकदाही अडली नाही.

"बघा, पोलिसाच्या दारात कशी गुमान चालती!" शेठ म्हणाले. ड्रायव्हर खाली मान घालून उभा होता. मला त्याची दया आली, पण दयेवर कोणाला सोडता येत नाही.

शेवटी ठरवलं, गाडी त्याच रस्त्याने न्यायची. दुसऱ्या दिवशी दुपारी ड्रायव्हर, मिस्त्री, एक पंच, शेठ आणि मी असे निघालो. बरंच अंतर नीट गेलो. मग इंजिनाने आचके दिले आणि गाडी जागीच बंद पडली. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. समोर चढ होता; नेमकी चढावरच गाडी बंद पडली, म्हणजे हेही ड्रायव्हरनेच केलं, असा शेठना संशय आलाच.

मिस्त्रींनी कार्बोरेटरला येणारी नळी सोडवली आणि स्टार्टर मारायला सांगितला. नळीतून थेंबही येईना.

"टाकीत पेट्रोल हाय, अन् पंपाला येईना," ते पुटपुटले. "शेठ, जरा टाकी उघडा."

शेठनी कुलूप काढून झाकण फिरवलं. फस्स करून हवा आत शिरली. तो आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. मिस्त्रींनी झाकण हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"जुन्या झाकणाला बारीक भोक असतंय, साब. पेट्रोल जातंय तेवढी हवा आत याया पाहिजे. ह्याला भोकच न्हाई. टाकी आतून वढून धरती, पंप काय करंल? काल आपण आधी झाकण उघडलं, म्हणून गाडी चालली. मलाबी सुचलं न्हाई."

त्यांनी टाकीच्या तोंडावर फडकं बांधलं, नळी जोडली. जरा वेळ स्टार्टर मारताच इंजिन सुरू झालं. शेठ रस्त्याच्या कडेला मातीतच बसले. उठवायला ड्रायव्हरच पुढे झाला.

शेठनी त्याच्यापुढे हात जोडले. तो म्हणाला, "माझं काय न्हाई, शेठ. पण हे ताईच्या कानावर घालू नका. ती जन्मभर मनात जळत बसंल."

पुढे मुलगी जबाबासाठी आईवडिलांबरोबर ठाण्यात आली; गाडी घेऊन ड्रायव्हरही आला होता. अजून अशक्त होती. जबाब संपला आणि तिने मलाच विचारलं, "साहेब, गाडी कशानं बंद पडली?" मी काय सांगावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात शेठ बोलले.

"मी लावलेल्या कुलपानं, बाई."

 ती उठून ड्रायव्हरच्या पाया पडली. "मामा, त्या दिशी मी लई वाईट बोलले तुमाला," म्हणाली.  शेठ तिला आधार द्यायला पुढे झाले, पण ती आईचा हात धरून बाहेर पडली.

खरं शोधायचं, एवढंच मी नोकरीभर करत आलो, आणि गुन्हा उघडकीला आला की फिर्यादीला बरं वाटतं हेही पाहिलं. इथे एका निरपराध माणसाच्या डोक्यावरचा आळ गेला, याचं समाधान आहेच. त्यामुळे तपास चुकला असं मी म्हणणार नाही. पण खऱ्याचा भार कोणाकोणाला उचलावा लागतो, ते मला त्या दिवशी कळलं. दार ओलांडताना त्या मुलीने मागे वळून पाहिलं नाही. त्या क्षणी वाटलं, कार्बोरेटरमध्ये नुसता कचरा सापडला असता तर किती बरं झालं असतं. मला आजही तसंच वाटतं.