हातचे राखलेले दिवस

आमचे हे प्रोजेक्ट मॅनेजर आहेत. म्हणजे नक्की काय, हे माझ्या माहेरी अजून कुणाला उमगलेलं नाही. भावाने एकदा जेवता जेवता विचारलं, "भावोजी, तुम्ही वीट रचत नाही, वायर ओढत नाही, मग दिवसभर करता काय?"

"सगळ्यांच्या वाटची काळजी," हे म्हणाले. सगळे हसले. मी हसले नाही. त्या काळजीला रोज डबा मीच भरून देते.

गेलं वर्षभर एका रुग्णालयाच्या नव्या इमारतीचं काम ह्यांच्याकडे होतं. ते वेळेत झालं की पुढचं मोठं कामही ह्यांनाच मिळायचं होतं. नळवाल्याचं संपल्याशिवाय आतलं खोटं छत बसवणाऱ्या छतवाल्याला आत घ्यायचं नाही. छतवाला आणि रंगारी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, तर दोघांचंही मन राखायचं. शिवाय वरच्यांना रोज धीर द्यायचा तो वेगळाच. फोनवर कुणी "होतंय साहेब" म्हटलं, की त्या "होतंय"वरूनच ह्यांना कळतं, काम संपत आलंय की अजून हातही लागलेला नाही.

आणि एक सवय. खरी तारीख कुणाला सांगायची नाही, चार दिवस अलीकडचीच सांगायची. घरीही तेच. साडेसहाला निघायचं असलं तर मला साडेपाच सांगतात. हे लक्षात आल्यापासून मी निवांत जप पुरा करते, मग कपडे बदलायला उठते. कामावरची माणसंही काही दूधखुळी नाहीत.

शेवटी शेवटी वायरमन ह्यांच्याकडे आला. गावी आई आजारी होती. अजिजीने म्हणाला, या वेळी खरी तारीख सांगा, तेवढ्यात जाऊन येतो. ह्यांना दया आली. पहिल्यांदाच खरं सांगितलं, सोमवारी तपासणी. त्याने सवयीने मनातल्या मनात चार दिवस पुढे धरले आणि आईच्या उशाशी बसून राहिला. सोमवारी तपासणीवाले शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरले, तर दिवेच लागेनात. उद्घाटन लांबलं.

वरून फोन आला. अहवालात वायरमनचं नाव घाला, त्याला काढून टाकू. हे अहवाल घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. चहा मी दोनदा गरम केला. शेवटी म्हटलं, चूक त्याचीच ना? खरी तारीख सांगूनही आला नाही.

"चूक त्याची," हे म्हणाले. "पण माझी तारीख खरी नसते, हे त्याला शिकवलं कोणी? मीच ना. इतकी वर्षं."

अहवालात ह्यांनी स्वतःचं नाव घातलं. वायरमन राहिला. पुढचं काम दुसऱ्याकडे गेलं. ते कळलं त्या दिवशी मी देवापुढे हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना, म्हणून तशीच उभी राहिले.

आज बहिणीकडे जायचं होतं. साडेपाचला निघू, हे म्हणाले. मी नेहमीसारखा जप आटोपला, केस विंचरले आणि सावकाश साडेसहाला बाहेरच्या खोलीत आले. हे बूट घालून, किल्ली मुठीत धरून, खुर्चीतच झोपी गेले होते. साडेपाच खरेच होते तर.

बहिणीला फोन करून आज जमायचं नाही म्हणून सांगितलं. मग ह्यांच्या हातातली किल्ली हळूच काढून घेतली. बुटांना मात्र हात लावला नाही, जागे झाले असते.